भोंगा, पाळी आणि मनगटावरचं घड्याळ

मंडळी, मागच्या वेळी आपण गिरणीच्या भोंग्यापाशी थांबलो होतो. भोंगा कामगाराला उठवायचा. तो झोपला की नाही, हे विचारणारं कोणी नव्हतं. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्या सूर्याच्या उजेडावर चालत. विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या तेजीत कामाचा दिवस काही गिरण्यांत चौदा-पंधरा तासांवर गेला. कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. पुढे रातपाळी रुळल्यावर गिरणगावात एकाच खोलीत माणसं पाळीपाळीने झोपू लागली. एक कामाला निघाला की दुसरा त्याच अंथरुणावर आडवा व्हायचा. बाहेर भर दुपार, नळावरची भांडणं. झोप लागणार कशी? आणि नाही लागली, तर दोष त्याचाच!

आता १९८२. जानेवारीत इकडे गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका खनिजाच्या कारखान्यात पाळी दर आठवड्याला उलटी फिरायची: रात्र, दुपार, सकाळ. ती सुलटी केली आणि बदल तीन आठवड्यांनी ठेवला. कारण साधं आहे. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. कामगारांचं समाधान वाढलं, उत्पादनही वाढलं. बदललं होतं ते पाळीचं वेळापत्रक, हे ध्यानात घ्या.

२०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गणितज्ञांनी ‘एंट्रेन’ हे मोबाइल ॲप काढलं. उजेड कधी घ्यावा, अंधारात कधी राहावं, हे ते सांगे. पण ते विमानप्रवाशांसाठी. नंतर तसंच गणित मनगटी पट्ट्याच्या नोंदींवर चालवून रातपाळीवाल्यांच्या शरीराचं घड्याळ किती सरकलंय, याचा अंदाज घेता येऊ लागला. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, यंत्रावर जरा संशयच घेतो. पण हे ज्ञान खरं आहे.

आमच्या परिचयातली एक नर्स असा पट्टा बांधते. सकाळी घरी जाताना काळा चष्मा लावते, खिडकीला जाड पडदा. चार दिवसांत झोप बसायला लागते, आणि पाचव्या दिवशी ड्युटी बदलते. ‘सर, पट्टा मला सांगतो,’ ती म्हणाली, ‘ड्युटी लावणाऱ्यांना नाही सांगत.’ पुढच्या वेळी आपण त्या ड्युटीच्या तक्त्याकडे वळू.