पोकळ आणि भरीव डायमंड : क्लास डायग्राममधील संबंधचिन्हांचा इतिहास

क्लास डायग्राममधील वर्गसंबंध महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा तयार व्याख्यांच्या स्वरूपात येतात. या व्याख्यांमागे मतभेदांचा इतिहास आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

या संबंधांचे मूळ एक नाही. इनहेरिटन्सची कल्पना ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिद्ध केलेल्या सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेतून आली. असोसिएशनचा उगम मात्र डेटाबेसच्या क्षेत्रातील, पीटर चेन यांच्या १९७६ मधील एंटिटी-रिलेशनशिप प्रतिमानात शोधावा लागतो. १९७७ मध्ये जॉन व डायन स्मिथ यांनी ॲग्रिगेशन ही संज्ञा मांडली. तिचा तत्कालीन अर्थ आजच्या अर्थाशी पूर्णतः जुळत नाही.

जेम्स रम्बॉ व सहकाऱ्यांच्या ओएमटी पद्धतीने १९९१ मध्ये हे प्रवाह एकाच आकृतीत आणले आणि अवयव-अवयवी संबंधासाठी पोकळ डायमंड योजला. ग्रेडी बूच यांच्या पद्धतीत वर्ग ढगाच्या आकाराचा असे. घटक वस्तू धारक वस्तूच्या आतच सामावलेली आहे की केवळ संदर्भाने जोडलेली आहे, हा भेद तेथे भरीव व पोकळ चौकोनाने दाखविला जाई. १९९४ मध्ये रम्बॉ बूच यांच्या रॅशनल कंपनीत आले, १९९५ मध्ये आयव्हार याकोबसनही आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने यूएमएल १.१ ला मान्यता दिली. त्यात पोकळ डायमंड ॲग्रिगेशनसाठी, तर भरीव डायमंड कंपोझिशनसाठी स्थिरावला.

कंपोझिशनचा नियम स्पष्ट आहे: घटक एका वेळी एकाच धारकाचा असतो आणि धारक नष्ट करताना त्याच्यासोबत असलेले घटकही नष्ट होतात. ॲग्रिगेशनबाबत मात्र यूएमएल २ च्या मानकानेच नेमका अर्थ उपयोजनक्षेत्रावर व आराखडाकारावर सोपविला. रम्बॉ यांनी तर त्याची तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी केली. तरीही 'ॲग्रिगेशन व कंपोझिशन यांतील फरक स्पष्ट करा' या प्रश्नाला विद्यार्थ्याने निःसंदिग्ध उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असते. विभाग व प्राध्यापक हे नेहमीचे उदाहरण घेतले, तर पोकळ डायमंड पुसून साधी रेषा ठेवल्याने कार्यक्रमाच्या संहितेत बहुधा काहीच बदलत नाही. अशी रेषा काढणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणे न्याय्य ठरत नाही.

भरीव डायमंडचेही सर्वत्र सारखे नाही. सी++ मध्ये धारकाच्या आत थेट घोषित केलेली घटकवस्तू धारकासोबत आपोआप नष्ट होते. जावामध्ये दोन्ही डायमंड संदर्भच ठरतात. तेथे घटक अन्य कोणाच्या हाती जाऊ न देण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर येते.