हेल्स्टनची पेटी

इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा निमुळता होत होत अटलांटिक महासागरांत शिरतो, तेथें कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. त्यांतील हेल्स्टन हें एक लहानसें गांव. आसपासच्या खाणींतलें कथील पूर्वीं येथें आणून पारखलें जाई व त्यावर कर घेतला जाई. गांवच्या मुख्य रस्त्यास कॉइनेजहॉल हें नांव त्याच व्यवहारावरून पडलें. कथलाचे दिवस सरले तेव्हां परगण्यांतील खाणकामगार जगभर पांगले. त्यांतले कित्येक म्हैसूर संस्थानांत कोलारच्या सोन्याच्या खाणींतहि येऊन राबले. आज या गांवाची ख्याति म्हणजे मे महिन्यांतील त्याचा नाच. त्या दिवशीं नाचणाऱ्यांची रांग रस्त्यांतून तर जातेच, पण लोकांच्या घरांतून आणि बागांतूनहि जाते!

अशा गांवाचा कच्छशीं संबंध काय, असें वाचक विचारतील.

२६ जानेवारी २००१ रोजीं, प्रजासत्ताकदिनाच्या सकाळीं पावणेनऊच्या सुमारास, भुज, भचाऊ व अंजार या गांवांवर जो प्रसंग गुदरला तो सर्वांस ठाऊक आहे. सुमारें वीस हजार माणसें गेलीं; लाखों घरें पडलीं वा तडकलीं. भूकंपांत घर उभें राहिलें तरी माणूस आंत जाण्यास धजत नाहीं, कारण मागून लहान धक्के बसतच असतात. १९९३ सालीं किल्लारीस हेंच दिसलें. गणेशविसर्जन करून निजलेले लोक मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं गाडले गेले, आणि वांचलेल्यांना आपल्याच छपराची धास्ती बसली. त्या वेळीं आम्हींहि जुन्या कपड्यांचें एक गांठोडें देऊन मन हलकें केलें होतें. त्यांत काय होतें, हें आज आठवत नाहीं. तें कोणाच्या उपयोगीं पडलें काय, हें तेव्हांहि विचारलें नव्हतें.

हेल्स्टनच्या मंडळींनीं हा प्रश्न आधीं विचारला. टॉम हेंडरसन हे तेथील गृहस्थ पूर्वीं ब्रिटिश आरमाराच्या शोध-बचाव कामांत पाणबुडे होते. सर्वस्व गेलेल्या कुटुंबास पहिले कांहीं महिने काय लागेल, याचा हिशेब मांडून त्यांनीं एक पेटी योजिली. दहा माणसांचा तंबू, पांघरुणें, स्वयंपाकाचें साहित्य, पाणी शुद्ध करण्याची सोय आणि हत्यारें, सारें एका पेटींत. तेथील रोटरी क्लबनें २००० सालीं ही योजना अंगावर घेतली, आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच गुजरातचा भूकंप झाला. पहिल्या १४३ पेट्या तेथें रवाना झाल्या.

एकशें त्रेचाळीस! दर पेटीमागें दहा माणसें धरलीं तरी चौदाशें तीस जणांची सोय. एवढ्या अफाट संकटापुढें हा आकडा कोणासहि क्षुल्लक वाटेल, आम्हांसहि प्रथम वाटला. परंतु तंबूंत निजणारा माणूस राहिलेल्या लाखांचा हिशेब करीत बसत नाहीं. कोलारचें सोनें कोणी नेलें, हा वादहि येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं या पेट्या पाठविल्या त्यांनीं कांहीं तें ऋण फेडण्यासाठीं पाठविल्या नव्हत्या.

शेल्टरबॉक्स या नांवानें ही संस्था पुढें जगभर पसरली. सामान काढून घेतल्यावर रिकामी पेटीहि टाकून देत नाहींत. कोणी तींत धान्य ठेवतें, कोणी पाणी, आणि कोणी तान्हें मूल निजवितें.