कन्हानकाठचा कबड्डीपटू

मौद्याहून एस.टी.नं नागपूरला कॉलेजात जाताना पिशवीत अर्थशास्त्राच्या वह्यांखाली कबड्डीची चड्डी असायची. सराव करून परतेपर्यंत कन्हानवर अंधार. एका स्पर्धेपायी माझी परीक्षा हुकली, वर्ष गेलं.

तेव्हा आधार होता खाशाबा जाधवांच्या गोष्टीचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा मल्ल १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ला हेलसिंकीच्या प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर सात हजारांना गहाण ठेवलं. मास्तर असावा तर असा! खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग कुस्त्या लढवून ते घर सोडवलं.

आजच्या प्राचार्यांना एवढंच मागणं : खेळायला गेलेल्या पोरांची हुकलेली परीक्षा पुन्हा घ्या.