सिडनीची वेबसाइट आणि २० हजार डॉलर

सरकारी वेबसाइट अंधांना वाचता येत नाही, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "खर्च फार येतो." हे उत्तर जुनं आहे आणि त्याचा निकालही कधीच लागलाय.

१९९९ सालची गोष्ट. ब्रूस मॅग्वायर हे अंध गृहस्थ पडद्यावरचा मजकूर ब्रेल यंत्रावर बोटांनी वाचत. सिडनी ऑलिम्पिकच्या साइटवर मात्र ते अडले. चित्रांना पर्यायी मजकूरच नव्हता. चित्रामागे चार शब्द लिहायचे, एवढं काम! (निकालांच्या तक्त्यांचं काम मोठं होतं, हे मान्य.) त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजक म्हणाले, २२ लाख डॉलर आणि वर्षभराहून जास्त वेळ लागेल. तक्रारदाराच्या तज्ज्ञांचा हिशेब होता काही आठवड्यांचा. ऑगस्ट २००० मध्ये आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निकाल दिला. तरी दुरुस्ती अपुरीच राहिली, म्हणून २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. तोवर खेळ संपले होते.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. नियम आले २०१७ मध्ये, त्यानंतर सेवा सुगम करायला मुदत दोन वर्षं. पण मानकं सक्तीची की नुसती शिफारस, याच घोळात वर्षं गेली. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, तीन महिन्यांत सक्तीची मानकं ठरवा. एप्रिल २०२५ मध्ये त्याच कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

तुमच्या नगरपालिकेच्या साइटवर कॅप्चा असेल, तर त्याला आवाजाचा पर्याय आहे का, बघा जरा.