शेत बुडाले, मंडळ तरले : नाल्याचा पूर आणि नुकसानीच्या मापाचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच आहेत : घाटावर आणि घाटाखाली. चिखली तालुक्यातील अमडापूर हे घाटावरचे गाव. उंचावरच्या गावाला पुराचे भय कसले, असे कोणासही वाटेल. परंतु येथील शेतकऱ्याला धास्ती असते ती बांधालगतच्या नाल्याची. त्या नाल्याने केलेले नुकसान कोणी व कोणत्या मापाने मोजायचे, या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ प्रथम भूगोल. अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे या जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांत वाटले जाते. दक्षिणेकडे वळलेले पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. उत्तरेकडे उतरलेले पूर्णा आणि तापीमार्गे अरबी समुद्रास. अशा जलविभाजकाजवळ नाले लहान असतात. त्यांचा पूर काही तासांत चढतो आणि तितक्याच वेगाने ओसरतो.

३/ त्यात काळी कसदार जमीन. कोरड्या दिवसांत तिला भेगा पडतात. भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी झिरपणे मंदावते. जी माती कपाशी पोसते, तीच संततधारेत पाणी धरून बसते. नाला फुटला नाही तरी सखल शेतात उभे सोयाबीन पिवळे पडते. दुरून पाहणाऱ्याला हा पूर दिसतही नाही.

४/ जुन्या राजवटींत हे नुकसान सारावसुलीच्या वेळी मोजले जाई. मोगल आकारणीत पीक बुडालेल्या जमिनीसाठी ‘नाबूद’ ही नोंद होती. मराठी अमदानीत सूट, तहकुबी आणि तगाई असे तीन उपाय होते : सारा माफ करणे, वसुली पुढे ढकलणे आणि पुन्हा पेरणीसाठी उचल देणे. बटाईत तर पीक बुडाले की सरकारचा वाटाही आपोआप बुडे.

५/ १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आले. १८६० च्या दशकात तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी सुरू झाली. दर रोखीचा आणि साधारण तीस वर्षांसाठी ठरलेला. त्यामागील विचार असा : दर माफक ठेवला आहे, तेव्हा चांगल्या वर्षाच्या शिलकीतून शेतकऱ्याने वाईट वर्ष निभावून न्यावे. जोखीम शेतकऱ्याच्या खांद्यावर सरकली ती येथे.

६/ संकट फारच मोठे असेल तर सवलत मिळे. पण तिचे माप ‘आणेवारी’. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या हिशेबाने गावाचे पीक किती आणे, असा अंदाज बांधला जाई. पुढे आणे गेले आणि पैसेवारी आली; ५० पैशांखाली गाव आले की टंचाईच्या सवलती लागू होऊ लागल्या. माप बदलले, तत्त्व तेच राहिले : मोजायचे ते गाव, शेत नव्हे.

७/ १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईला कायदेशीर चौकट दिली. पण तगाई हे कर्ज होते. पुराने नेलेल्या पिकाची भरपाई त्यातून होत नसे. पुढच्या पिकावर बोजा तेवढा चढे. विम्याची कल्पना इथे वेगळी ठरते : संकटापूर्वी अनेकांनी थोडे थोडे द्यायचे, म्हणजे संकटानंतर एकाला कर्ज काढावे लागत नाही.

८/ भारतात हा विचार पद्धतशीर मांडणाऱ्यांपैकी आरंभीचे नाव म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांचे. १९२० च्या त्यांच्या पुस्तकात पावसाच्या मापावर आधारलेल्या, क्षेत्रनिहाय शेतीविम्याची योजना आहे. तिचा रोख दुष्काळावर होता. तिच्यावर अंमल झाला नाही. मात्र प्रत्येक शेत न मोजता विमा देता येईल, हे सूत्र तिने सांगून ठेवले.

९/ प्रत्यक्ष प्रयोगाने उलट वाट धरली. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कपाशीसाठी विमा सुरू झाला. नुकसान शेतनिहाय मोजायचे ठरले. १९७८-७९ पर्यंत हा प्रयोग इतर राज्यांतही पोचला, पण शेतकरी आले अवघे ३,११०. हप्ते जमले ४.५४ लाख रुपयांचे आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाखांची.

१०/ या अनुभवातून मार्ग सुचवला तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकरांनी. त्यांचे म्हणणे असे : लाखो लहान शेतांची स्वतंत्र तपासणी अशक्य आहे आणि तीत लबाडीला वाव राहतो. म्हणून समान हवामान व जमिनीचे क्षेत्र हेच विम्याचे एकक धरावे. पीक कापणी प्रयोगांतून निघालेली सरासरी घटली, तर सर्वांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी.

११/ १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांच्या मुळाशी हे क्षेत्रनिहाय सूत्र आहे. दुष्काळाला ते चपखल बसते, कारण दुष्काळ सगळ्या शिवारावर पडतो. नाल्याचा पूर मात्र एका काठावर येतो. तेथे हे सूत्र अडखळते.

१२/ एक काल्पनिक हिशेब पाहा. महसूल मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल. यंदाची सरासरी निघाली ९. घट १० टक्के, म्हणून भरपाई विमा रकमेच्या १० टक्के. नाल्याकाठी ज्याच्या शेतात दाणाही उरला नाही त्याला १० टक्के. माळावर ज्याचे पीक भरघोस आले त्यालाही १० टक्केच.

१३/ ही उणीव जाणून २०१६ च्या योजनेत ‘स्थानिक आपत्ती’ या सदराखाली शेत जलमय होण्याचा समावेश झाला. पुढे ढगफुटीही आली. शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना द्यायची आणि त्याच्याच शेताची पाहणी व्हायची. यात ७२ तासांच्या अटीची अडचण होती. जेथे पाणी सहा तासांत ओसरते, तेथे पुरावा म्हणून उरतो तो गाळ आणि आडवे झालेले पीक.

१४/ २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. बनावट अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ च्या खरिपात ती सवलत संपली. त्याच वेळी स्थानिक आपत्तीची तरतूदही वगळून भरपाई पुन्हा पीक कापणी प्रयोगांवर सोपवली गेली. शेतापर्यंत आलेले माप परत मंडळापर्यंत मागे गेले.

१५/ सरकारी मदतीचा मार्ग वेगळा आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान हवे. २०२२ च्या केंद्रीय निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. येथेही मोजणारे पर्जन्यमापक मंडळाचे. ढग त्याला चुकवून दुसऱ्या टोकाला फुटला, तर आपत्ती सिद्ध करण्याचे काम शेतकऱ्याकडेच येते.

१६/ आणि माती? पीकविमा पिकाचा असतो. खरडून गेलेला थर त्यात धरला जात नाही. नदीने पात्र बदलून जमीन गिळल्यास मदतीच्या त्याच निकषांत अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये आहेत. वाहून गेलेली कसदार माती मात्र त्याच शेतकऱ्याच्या हयातीत पुन्हा तयार होत नाही.

१७/ धोका आधी ओळखण्याचे साधनही आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. २५ वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातील मोवाडमध्ये दोनशेहून अधिक बळी घेतले. काठावर घर असणे किती महाग पडते, हे विदर्भाने तेव्हा पाहिले.

१८/ या रेषा प्रामुख्याने मोठ्या नद्यांच्या काठी आखल्या जातात. घाटावरच्या नाल्याची रेषा गावाच्या स्मरणातच असते. पाणी कोणत्या बांधापर्यंत आले आणि कोणत्या साली आले, हे जुन्या माणसांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीने ते गावनकाशावर उतरवले आणि मंडळाच्या सरासरीशेजारी ठेवले, तर कोणाचे शेत त्या सरासरीत हरवते, हे पहिल्यांदाच कागदावर दिसेल.