मोलकरीण, मालक आणि रस्त्यावरची मिरवणूक

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ड्रेफस प्रकरणापर्यंत आलो होतो. आज त्याच धाग्याने एका चित्रपटाकडे जाऊ. लुई बुन्युएल यांचा १९६४ सालचा 'एका मोलकरणीची रोजनिशी'. ऑक्टाव्ह मिर्बो यांची मूळ कादंबरी १९०० सालची. मिर्बो ड्रेफसच्या बाजूने उभे राहिलेले लेखक. झाँ रेन्वार यांनी १९४६ साली हॉलिवूडमध्ये याच कादंबरीवर चित्रपट काढला होता.

गोष्ट तशी साधी. पॅरिसहून सेलेस्टीन नावाची मोलकरीण खेड्यातल्या एका श्रीमंत घरी कामाला येते. झान मोरो यांनी ही भूमिका केली आहे. घरातले म्हातारबुवा तिला सांगतात, तुला आम्ही 'मारी'च म्हणणार. म्हणजे पगार कामाचा, पण मालकी थेट नावावर! तिथलाच एक नोकर झोझेफ. हा स्वयंपाकघरात बसून ज्यूंविरुद्धची पत्रकं तयार करतो. पुढे जंगलात एका लहान मुलीचा खून होतो. तो झोझेफनेच केला, अशी सेलेस्टीनची खात्री पटते. ती त्याच्याशी सलगी करते, पुरावाही स्वतःच तयार करून ठेवते. तरी तो सुटतो.

आता इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर बुन्युएल यांनी काळ बदलला. ड्रेफसचे दिवस सोडून कथा १९३०च्या दशकात आणली. शेवटी झोझेफ शेरबूर बंदरात आपल्या कॅफेच्या दारात उभा आहे, समोरून उजव्या गटांची मिरवणूक चालली आहे आणि 'शियाप झिंदाबाद' अशी घोषणा होते.

हे शियाप कोण? पॅरिसचे पोलीसप्रमुख. १९३० साली उजव्या टोळ्यांनी बुन्युएल यांच्या 'सुवर्णयुग' या चित्रपटाच्या खेळात धुडगूस घातला. त्यानंतर चित्रपटावर बंदी आली ती याच शियाप यांच्या कारकिर्दीत. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. तीनच दिवसांनी, ६ तारखेला, पॅरिसच्या रस्त्यांवर रक्त सांडलं आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान दलादिए यांनी राजीनामा दिला.

म्हणजे ही घोषणा जुन्या वैराची परतफेड आहे का? थोडीशी असेलही. पण तेवढ्यावर थांबलो तर मुद्दा निसटेल. जो द्वेष आधी स्वयंपाकघरात कुजबुजत होता, तोच आता भर दिवसा रस्त्यावर चालतो आहे.

आणि सेलेस्टीन? कादंबरीत ती झोझेफवर संशय असूनही त्याच्याबरोबर शेरबूरला जाते आणि मालकीण होते. चित्रपटात ती शेजारच्या निवृत्त कॅप्टनशी लग्न करते. तिथेही मालकीणच! हेगेल म्हणतो, कष्टातून दासाला स्वत्वाचं भान येतं. सेलेस्टीनला भान आहे, बरं का. घरातलं सगळं तिला दिसतं. पण एकट्या माणसाचं भान त्याला फार तर जागा बदलून देतं. घराची रचना तशीच राहते. खुनी कोण हे माहीत असलेली बाई आता पलंगावर बसून न्याहारी घेते, आणि तिकडे खुनी घोषणा देत उभा आहे. हे दोन्ही एकाच काळात घडलं, हे आपण ध्यानात ठेवायचं.