कुळवाच्या दांड्या आणि टॉप लिंक

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, पण इमारतींच्या मधे शेतीचे तुकडे अजून शिल्लक आहेत. अशा तुकड्यात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे वर्कशॉपमध्ये जोडून घेतलेलं अवजार, अशी तिथली रीत. अशाच अवजाराचा एक नवा सांगाडा वेल्डिंग होऊन शेडबाहेर पडला होता आणि शेडच्या भिंतीला जुना लाकडी कुळव टेकवलेला होता. दोन्ही शेजारी पाहिले आणि माझ्या डोक्यात एक कल्पना बसली, ती काही केल्या जात नाही.

कुळव म्हणजे काय? आडवं जाड लाकूड, ते दिंड. त्याला खाली दोन जानोळी, जानोळ्यांत लोखंडी पास. दिंडातून पुढे दोन दांड्या निघतात, त्या जवळ येत येत जुवाशी दोराने बांधल्या जातात. दिंडाच्या मध्यावर उभं राहतं रुमणं, कुणब्याच्या मुठीसाठी. खाली दोन, वर एक. आता ट्रॅक्टरच्या मागे पाहा: खाली दोन हात, वर मधोमध टॉप लिंक. खालचे हात समांतर नसतात, पुढे जाताना एकमेकांकडे झुकतात. त्यांच्या रेषा मनात लांबवल्या तर पुढच्या आसाच्या आसपास मिळतात. अवजाराला वाटतं आपल्याला तिथून ओढलंय, म्हणून ते बाजूला भरकटत नाही. कुळवाच्या दांड्याही जुवापाशी मिळतात, त्या याच कारणाने.

ट्रॅक्टरच्या या जोडणीचा ज्ञात इतिहास थोडक्यात असा. आयर्लंडच्या काउंटी डाउनमधला हॅरी फर्ग्युसन १९१७ पासून ट्रॅक्टरच्या नांगराच्या मागे लागला होता. नांगर दगडाला अडला की मागे साखळीने ओढणारा ट्रॅक्टर पुढून उचलून उलटायचा, माणसं दगावायची. त्याने हायड्रॉलिकने आपोआप खोली सांभाळणाऱ्या जोडणीचं पेटंट १९२० च्या दशकात घेतलं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये फोर्डचा ९एन बाजारात आला. पुढे कोर्टकचेरी झाली ती निराळी कथा. आज जगभरातल्या ट्रॅक्टरांच्या मागे हीच तीन बिंदूंची जोडणी आहे.

फर्ग्युसनने कुळव पाहिला होता का? मी तसं म्हणत नाही. माझं म्हणणं आपल्याकडच्या अवजाराच्या टोकाबद्दल आहे. ट्रॅक्टरकडचं टोक बेलफास्टहून आलं. अवजाराकडचं टोक, म्हणजे वर्कशॉपवाला जो चॅनेलचा सांगाडा जोडतो, ते थेट कुळव आणि पेरणीची पाभर यांच्या घराण्यातलं आहे.

याविरुद्ध तीन मतं आहेत आणि ती तोलून पाहायला हवीत. पहिलं असं की भूमिती सगळीकडे सारखीच. सरळ ओढायचं तर दोन रेषा पुढे मिळणारच, उगाच वंशावळ कशाला? हे मला अर्धं मान्य आहे. पण भूमिती सारखी असली तरी हातात तयार नमुना असणाऱ्याला ती शोधावी लागत नाही. दुसरं मत किर्लोस्करवाडीचं: लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर हाच आपल्या लोखंडी अवजारांचा मूळपुरुष. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत असतानाही त्यांनी तो नांगर रुजवला, हे श्रेय निर्विवाद. पण तो नांगर एका इसाडाचा, एका फाळाचा. वर्कशॉपमधला सांगाडा तसा नसतो. त्यात आडवा बार असतो आणि त्यावर यू-क्लॅम्पने हवे तितके फण सरकवता येतात. तो बार दिंडच आहे, लोखंडाचा.

तिसरी हरकत खरी बोचणारी आहे. कुळवात दांड्या दिंडात घट्ट ठोकलेल्या असतात, ट्रॅक्टरच्या हातांना मात्र टोकाला गोळीचे सांधे. एक जोडी घट्ट, दुसरी मोकळी. मग सारखेपणा उरला कुठे? माझं उत्तर रुमण्यात आहे. कठीण जमीन लागली की पास अडतो, कुळव वर उठू पाहतो आणि ते आधी कळतं कुणब्याच्या मुठीला. तो भार देतो, जमीन मऊ लागली की सोडतो. फर्ग्युसनच्या जोडणीत जमिनीचा ताण वाढला की टॉप लिंक दाबली जाते, तो दाब स्प्रिंगमधून झडपेपर्यंत पोचतो आणि हायड्रॉलिक हात थोडे उचलले जातात. जमिनीचा जोर वरच्या मधल्या बिंदूवर वाचायचा आणि त्यावर खोली ठरवायची, हे काम दोन्हीकडे एकच. माणसाचा हात आणि स्प्रिंग यांत फरक एवढाच की हात जास्त समजूतदार असतो. दिंडावर मुलांना बसवून किंवा दगड ठेवून वजन वाढवायची जुनी युक्तीही पाहा. आजही हलक्या सांगाड्यावर लोखंडी तुकडे किंवा वाळूची पोती ठेवतात.

आता वर्कशॉपमधली दोन तऱ्हेची मापं सांगतो, कारण माझा मुद्दा तिथे घट्ट होतो. प्रमाण जोडणीत (कॅटेगरी १) खालच्या पिना २२ मिमी, टॉप लिंकची १९ मिमी आणि खालच्या दोन बिंदूंमधलं अंतर ६८३ मिमी. त्याहून लहान प्रकारात ५०८ मिमी, पिना १६ मिमीच्या. मोठ्या मापाचं अवजार लहान हातांना लावायचं तर पिना बदलून अंतर कमी करावं लागतं. पिनांसाठी ब्राइट बार पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मिळतो, तिथेच ट्रकचे जुने पाटे मिळतात आणि पास म्हणून ते झकास चालतात. ही झाली परदेशी प्रमाणाची मापं. पण बारवरच्या फणांचं अंतर कोण ठरवतं? रब्बी ज्वारीसाठी दोन ओळींत ४५ सेंमी अशी शिफारस आहे. आणि जुना हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच, ४५ सेंमीच्या जवळ. वर्कशॉपवाला टेप लावतो, शेतकरी मात्र आधी हात ठेवून दाखवतो. माझा पक्का अंदाज आहे की शिफारस लिहिणाऱ्यांनी पाभरीच्या ओळी मोजूनच सुरुवात केली असावी.

पाभरीची बातमी तर परदेशातही पोचलेली होती. १७९५ च्या सुमारास कॅप्टन टॉमस हॅल्कट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातली पेरणीची पाभर पाहून तिच्याबद्दल इंग्लंडच्या शेती मंडळाला कळवलं. जेथ्रो टलच्या पेरणीयंत्राचा अभिमान बाळगणाऱ्या देशात ती बातमी आश्चर्याची ठरली असणार. म्हणजे आपल्याकडच्या अवजाराची तिकडे माहिती पोचली होती, फक्त ट्रॅक्टरच्या मागे लावायला नाही.

एक दुवा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तो माणसांचा आहे. दिंड बाभळीचं, ते सुताराने करायचं. पास लोहाराने घडवायचा. मजुरी सुगीला धान्यात, बलुतं म्हणून. ट्रॅक्टर आला तेव्हा सुताराचं काम गेलं, लोहाराच्या भात्याची जागा वेल्डिंग मशीनने घेतली, पण गिऱ्हाईक तेच राहिलं. ते आडवा बार मागतं, खाली दोन आधार आणि वर एक दांडा मागतं, आणि फण सरकवायची सोय मागतं. तासाच्या शेवटी कुळव उचलून झाडायचा आणि वळवायचा, हे काम आता हायड्रॉलिकचा लिव्हर करतो, तरी लिव्हर ओढणारे बहुतेक जण आपसूक मागे वळून पासाला अडकलेलं गवत बघतात. सांगाड्याचा ए-फ्रेम किती उंच ठेवायचा हेही गिऱ्हाईक सांगतं, आणि टॉप लिंकसाठी एकाच्या जागी दोन-तीन भोकं पाडून मागतं, जुवाच्या दोराची लांबी कमी-जास्त करून पासाची खोली बदलायची, तसंच.